विश्लेषण : ताणाला नाव देणारे हान्स सेल्ये कोण होते? ‘टेन्शन’ मेंदूतल्या जनुकांपर्यंत कसे पोहोचते?

तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कुंभवलीत किंवा बोईसरमध्ये पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याने झोप लागत नाही, जेवण जात नाही, विसरायला होते अशी तक्रार केली आणि तपासण्यांत काही सापडले नाही, की टेन्शन घेऊ नये असा सल्ला ठरलेला असतो. जणू टेन्शन घेणे-न घेणे ज्याच्या त्याच्या हातात असते. ताण ही शरीरात दिसणारी, मोजता येणारी गोष्ट आहे, हे जवळपास ९० वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरने दाखवून दिले. त्यांचे नाव हान्स सेल्ये. ताण मेंदूतल्या पेशींमध्ये शिरून जनुकांचे काम बदलतो, हे मात्र त्यांच्यानंतरच्या शास्त्रज्ञांनी उलगडले. सेल्ये यांचे आयुष्य, त्यांचा शोध, त्यांची चूक आणि त्यापुढचे विज्ञान यांचा हा आढावा.

हान्स सेल्ये कोण होते?

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील हंगेरियन, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात शल्यचिकित्सक, आई ऑस्ट्रियन. बालपण डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम या गावात गेले. घरात जर्मन आणि हंगेरियन, शिकवायला परदेशी बाई, त्यामुळे लहानपणीच त्यांना अनेक भाषा येऊ लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य फुटले आणि त्यांचे गाव एका रात्रीत चेकोस्लोव्हाकियात गेले म्हणावे, अशी स्थिती झाली.

वयाच्या १७व्या वर्षी त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू केले. मधला काही काळ पॅरिस आणि रोममध्ये काढून १९२९ मध्ये ते डॉक्टर झाले, १९३१ मध्ये रसायनशास्त्रात पीएचडी मिळवली. त्याच वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९३२ मध्ये कॅनडातील माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी याच शहरात काढले.

प्रागमधली एक आठवण त्यांच्या कायम लक्षात राहिली. प्राध्यापक एकामागून एक रुग्ण दाखवत आणि प्रत्येक आजाराचे वेगळे लक्षण समजावत. विद्यार्थी सेल्ये यांना मात्र सगळ्यांमध्ये सारखे असलेलेच जास्त दिसले. आजार कोणताही असो, जीभ पांढरी, अंग मोडून आलेले, भूक मेलेली, चेहरा उतरलेला. सगळेच ‘आजारी’ दिसत होते. या सारखेपणाचा विचार का करत नाहीत, हा प्रश्न त्यांनी मनात ठेवून दिला.

उंदरांच्या प्रयोगात काय दिसले?

मॅकगिलमध्ये सेल्ये हे जेम्स कॉलिप यांच्या हाताखाली काम करत होते. इन्सुलिन रुग्णांना देता येईल इतके शुद्ध करण्यात कॉलिप यांचा मोठा वाटा होता. तो काळ नवी संप्रेरके (हार्मोन) शोधण्याचा होता. सेल्ये गुरांच्या अंडाशयापासून काढलेला अर्क उंदरांना टोचत आणि काय बदलते ते पाहत.

तीन बदल पुन्हा पुन्हा दिसले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगल्या. रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस आणि लसिका ग्रंथी आक्रसल्या. जठर आणि आतड्याच्या सुरुवातीला व्रण पडले. नवे संप्रेरक सापडले, असे त्यांना वाटले. पण अर्क जितका कमी शुद्ध, तितका परिणाम जास्त, हे लक्षात आल्यावर शंका आली. त्यांनी फॉर्मॅलिन टोचून पाहिले. तेच तीन बदल, तेही अधिक ठळक. म्हणजे संप्रेरक वगैरे काही नव्हतेच.

दुसरा कोणी असता तर वह्या बंद केल्या असत्या. सेल्ये यांना प्रागचे ते रुग्ण आठवले. मग त्यांनी उंदरांना थंडीत ठेवले, दमेपर्यंत पळवले, शस्त्रक्रियेच्या जखमा केल्या, वेगवेगळी औषधे दिली. कारण बदलले तरी शरीराचे उत्तर एकच राहिले.

४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचे छोटे टिपण प्रसिद्ध झाले. जेमतेम एका पानाच्या या मजकुरात त्यांनी तीन टप्पे मांडले. पहिल्या ४८ तासांत शरीर धोक्याची घंटा वाजवते. मग ते जुळवून घेते आणि सगळे सुरळीत दिसू लागते. पण त्रास चालूच राहिला, तर एक ते तीन महिन्यांत जुळवून घेण्याची ताकद संपते. वरून ठीक दिसणारे शरीर पुढे कोसळते, याचे वर्णन या टिपणात होते. तेव्हा सेल्ये अवघे २९ वर्षांचे होते.

‘स्ट्रेस’ हा शब्द आला कुठून?

१९३६ च्या त्या टिपणात ‘स्ट्रेस’ हा शब्द नव्हता. तो नंतर रुळला, आणि मूळचा तो यंत्रशास्त्रातला. लोखंडी सळईवर भार टाकला की तिच्या आत जे निर्माण होते त्याला इंग्रजीत स्ट्रेस म्हणतात आणि त्यामुळे सळईचा आकार बदलतो त्याला स्ट्रेन. मराठी पाठ्यपुस्तकात हेच प्रतिबल आणि विकृती.

सेल्ये यांना सांगायचा होता तो शरीरात होणारा परिणाम, म्हणजे खरे तर स्ट्रेन. तेव्हाचे आपले इंग्रजी कच्चे होते, असे त्यांनी पुढे कबूल केले. पण तोवर शब्द जगभर गेला होता. मग बाहेरच्या कारणासाठी त्यांना ‘स्ट्रेसर’ असा वेगळा शब्द घडवावा लागला. गंमत म्हणजे आपला ‘टेन्शन’ हा शब्दही दोरीच्या ताणावरूनच आला आहे.

१९४५ मध्ये ते माँट्रियल विद्यापीठात गेले आणि तेथे प्रायोगिक वैद्यक व शल्यशास्त्राची संस्था उभी केली. १९५० मध्ये ‘स्ट्रेस’ हा जाडजूड ग्रंथ आणि १९५६ मध्ये सामान्य वाचकांसाठी ‘द स्ट्रेस ऑफ लाइफ’ हे पुस्तक आले. त्याच १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला आणि त्या धामधुमीत गोळी लागून त्यांच्या आईचा मृत्यू झाला. नोबेलसाठी सेल्ये यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण पुरस्कार मिळाला नाही. अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या संप्रेरकांसाठी १९५० चे नोबेल केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना मिळाले.

तरी या क्षेत्राची भाषा सेल्ये यांचीच राहिली. अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकांना ‘ग्लुकोकॉर्टिकॉइड’ (साखरेशी संबंधित) आणि ‘मिनरलोकॉर्टिकॉइड’ (क्षारांशी संबंधित) ही नावे त्यांनी रूढ केली. पुढे मेंदूत सापडलेल्या दोन महत्त्वाच्या रेणूंना हीच नावे मिळाली.

सेल्ये यांच्या हातून काय निसटले?

मेंदू. त्यांचे सगळे लक्ष ग्रंथी, जठर आणि रक्ताकडे होते. थंडी असो वा जखम, शरीर सारखेच उत्तर देते, हा त्यांचा आग्रह. पण हे एकसारखे उत्तर सुरू कोण करते?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील जॉन मेसन यांनी या दाव्याची कसोटी घेतली. माकडांना उपाशी ठेवले की ताणाची संप्रेरके वाढत. पण शेजारची माकडे खाताना दिसू दिली नाहीत आणि उपाशी माकडांना पोषण नसलेले पण खाण्यासारखे दिसणारे गोळे दिले, तर संप्रेरके फारशी वाढेनात. भूक तीच, पण आपल्याला डावलले जात आहे ही जाणीव नव्हती. म्हणजे कारण आणि शरीर यांच्यामध्ये परिस्थितीचा अर्थ लावणारे कोणी तरी बसले होते.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युअन यांनी ते नेमके कुठे बसले आहे, याचा एक पत्ता शोधला. अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढलेल्या उंदरांना त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेले कॉर्टिकोस्टेरोन टोचले. माणसात कॉर्टिसॉल जे काम करते, ते उंदरात कॉर्टिकोस्टेरोन करते. ते मेंदूच्या एका भागात सर्वाधिक साठून राहिले. तो भाग होता हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा मेंदूचा भाग. ताणाचे संप्रेरक मेंदूला नुसते शिवून जात नव्हते, तेथे त्याला धरून ठेवणारे काही तरी होते. त्यालाच ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात.

कॉर्टिसॉल जनुकांपर्यंत कसे पोहोचते?

धोका जाणवला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. ते पिट्युटरी ग्रंथीला जागे करते. पिट्युटरी एसीटीएच सोडते. ते रक्तातून अ‍ॅड्रिनलपर्यंत जाते आणि अ‍ॅड्रिनल कॉर्टिसॉल बनवते. या साखळीची पहिली कडी, सीआरएचची रचना, कॅलिफोर्नियात वायली व्हेल यांनी १९८१ मध्ये उलगडली.

कॉर्टिसॉल मेदात विरघळते, त्यामुळे ते पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते. आत ग्राही प्रथिन वाट पाहत असते. मदतनीस प्रथिनांनी त्याला योग्य आकारात धरून ठेवलेले असते. कुलपात किल्ली बसावी तसे कॉर्टिसॉल त्यात बसले, की ग्राहीचा आकार बदलतो आणि तो पेशीच्या केंद्रकात शिरतो.

केंद्रकात असतो डीएनए. त्यावर ठरावीक जागी सुमारे १५ अक्षरांची खूण असते. सहसा दोन ग्राही जोडीने या खुणेवर बसतात आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला बोलावून घेतात. मग त्या जनुकापासून जास्त प्रथिन बनते. काही ठिकाणी ग्राही डीएनएला हात न लावता, दुसरी जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांनाच अडवतो. सूज वाढवणारी जनुके अशीच शांत होतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधे याच ग्राहीला चिकटून काम करतात. करोनाकाळात ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोनचा फायदा झाला, तो याच मार्गाने.

या सगळ्यात जनुकाची अक्षरे बदलत नाहीत. कोणते जनुक किती वेळा वाचले जाते, एवढेच बदलते. पण मेंदूच्या पेशीसाठी तेवढे पुरेसे असते.

आणि याला वेळ लागतो. अ‍ॅड्रिनलिनने छाती धडधडते ती काही सेकंदांत. जनुकांमार्फत होणारे बदल काही मिनिटांनी सुरू होतात आणि तासन् तास टिकतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा अनेक कुटुंबे घराबाहेर, तंबूंत झोपत होती. एक धक्का काही सेकंदांचा असतो. शरीराची ही साखळी मात्र धक्का थांबल्यावरही बराच वेळ चालू राहते.

मेंदूत दोन प्रकारचे ग्राही कशासाठी?

१९८५ मध्ये नेदरलँड्समधील योहानेस रॉइल आणि रॉन डी क्लोएट यांनी दाखवले, की उंदराच्या मेंदूत या संप्रेरकासाठी दोन वेगळे ग्राही आहेत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील रॉन इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने त्यांपैकी एकाचा, मानवी ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीचा, जनुकीय आराखडा मिळवला. ७७७ अमिनो आम्लांची ती माळ होती. १९८७ मध्ये दुसऱ्याचा, मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहीचा, आराखडाही मिळाला.

मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राही कॉर्टिसॉलला सुमारे दहापट घट्ट धरतो. त्यामुळे शांत वेळीही तो बहुतेक भरलेला असतो. मूत्रपिंडात क्षार सांभाळणारा हाच ग्राही हिप्पोकॅम्पसमध्ये रोजची घडी सांभाळतो आणि धोका आहे की नाही हे तोलायला मदत करतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही सैल धरतो. कॉर्टिसॉल वाढले तरच तो भरतो, म्हणजे ताणाच्या वेळी आणि रोज सकाळी उठण्याच्या सुमारास. त्याचे काम प्रसंग निभावून झाल्यावर सगळे आवरणे, काय घडले ते लक्षात ठेवणे आणि संप्रेरकाचा नळ बंद करणे.

कॉर्टिसॉलची पातळी पहाटे चढते आणि मध्यरात्री सर्वांत खाली असते. आठवड्या-आठवड्याला पाळी बदलली, की शरीराचे घड्याळ एकीकडे आणि कारखान्याचे दुसरीकडे जाते. झोपायच्या वेळी कॉर्टिसॉल चढलेले असते. फिरत्या पाळीत झोप न लागणे हा म्हणूनच मनाचा कमकुवतपणा ठरत नाही.

ब्रेक कसा लागतो आणि का झिजतो?

घरावरच्या टाकीत पाणी भरले की फ्लोट वर येऊन नळ बंद होतो. इथेही तसेच आहे. कॉर्टिसॉल वाढले की ते हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीतल्या ग्राहींवर बसते आणि सीआरएच, एसीटीएचच्या जनुकांचे वाचन कमी करते. साखळी आपोआप मंदावते.

पेशीच्या आत आणखी एक छोटा ब्रेक असतो. ग्राही जी जनुके चालू करतो, त्यांत एफकेबीपी-५ नावाचे जनुक आहे. त्यापासून बनणारे प्रथिन ग्राहीलाच जाऊन चिकटते आणि त्याची कॉर्टिसॉल धरण्याची ताकद कमी करते. ग्राही स्वतःचाच आवाज खाली आणतो.

स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्यावर अचानक बंद करू नयेत, याचे कारणही हेच. बाहेरून आलेल्या औषधामुळे मेंदूचा ब्रेक सतत दाबलेला असतो आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. एकदम गोळी थांबवली तर शरीराला स्वतःचे कॉर्टिसॉल वेळेवर बनवता येत नाही. डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, टप्प्याटप्प्याने.

ताण आठवडेच्या आठवडे चालला तर काय होते? मॅक्युअन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना तीन आठवडे रोज काही तास जखडून ठेवल्यावर हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखूड झाल्या. त्रास थांबवल्यावर त्या पुन्हा वाढल्या, हे तितकेच महत्त्वाचे. बेंगळूरुच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की अशाच दीर्घ ताणात भीतीशी संबंधित अमिग्डाला या भागातील फांद्या उलट वाढतात. आठवणींचा भाग आक्रसतो आणि भीतीचा पसरतो.

बालपणाचा संबंध काय?

याचे उत्तर सेल्ये जिथे घडले त्या मॅकगिल विद्यापीठातूनच आले. मायकेल मीनी आणि मोशे स्झिफ यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही उंदीर माता पहिल्या आठवड्यात पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जास्त माया मिळालेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीच्या जनुकावर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा कमी होत्या. त्यामुळे ते जनुक मोकळेपणाने वाचले जाई, ग्राही जास्त बनत आणि मोठेपणी ताणाचा ब्रेक लवकर लागे. दुर्लक्षित मातेची पिल्ले मायाळू मातेकडे वाढवली, तर खुणाही तशाच बदलत. म्हणजे हा वारसा रक्ताचा कमी आणि संगोपनाचा जास्त होता.

२००९ मध्ये याच गटाने आत्महत्येने किंवा अन्य कारणांनी मृत्यू झालेल्या ३६ माणसांच्या मेंदूंचे नमुने तपासले. बालपणी अत्याचार सोसलेल्यांमध्ये त्याच जनुकावर जास्त खुणा आणि कमी ग्राही आढळले. नमुने थोडे होते, त्यामुळे त्यावरून कोणा एकाचे भविष्य सांगता येत नाही. पण लहानपणी मिळालेली सुरक्षितता मोठेपणीच्या ब्रेकशी जोडलेली असते, हे त्यातून समोर आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांची प्रयोगशाळाही बालपणीच्या ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम अभ्यासते.

सेल्ये यांचा तंबाखू कंपन्यांशी संबंध काय होता?

सेल्ये यांच्या चरित्रातला हा सर्वांत अडचणीचा भाग. अमेरिकेतील खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची जुनी कागदपत्रे खुली झाली. त्यांच्या आधारे २०११ मध्ये मार्क पेटिक्रू आणि केली ली यांनी सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९५८ मध्ये सेल्ये यांनी स्वतःच एका तंबाखू कंपनीकडे निधी मागितला होता, तेव्हा नकार मिळाला. १९६० च्या दशकात मात्र उद्योगाचे वकील त्यांच्याकडे आले. १९६९ मध्ये ते कॅनडाच्या संसदीय समितीपुढे धूम्रपानविरोधी निर्बंधांच्या विरोधात बोलले. त्याच सुमारास अमेरिकी तंबाखू उद्योगाकडून तीन वर्षे दरवर्षी ५० हजार डॉलरचा निधी त्यांना मंजूर झाला.

कंपन्यांना त्यांच्याकडून काय हवे होते? हृदयविकाराचे कारण सिगारेट आहे की चिंता, याबद्दल लोकांच्या मनात गोंधळ. ताण हेच खरे कारण आणि धूम्रपान हा ताण हलका करण्याचा एक मार्ग, अशी मांडणी त्यांना सोयीची होती. आणि ती जगातल्या सर्वांत मोठ्या ताणतज्ज्ञाच्या तोंडून येत होती.

सेल्ये यांनी आयुष्यभर बाहेरचे कारण आणि आतला परिणाम वेगळे करून दाखवले. त्यांच्याच नावाचा वापर करून बाहेरचे कारण झाकले गेले आणि दोष माणसाच्या स्वभावावर ढकलला गेला.

शेवटची वर्षे कशी गेली? आज त्यांच्या शोधाचा अर्थ काय?

१९७४ मध्ये ‘स्ट्रेस विदाउट डिस्ट्रेस’ हे त्यांचे पुस्तक आले. सगळा ताण वाईट नसतो, हा त्यातला मुद्दा. परीक्षा, खेळ, नवे काम यांचा ताण माणसाला उभा करतो. संपण्याची चिन्हे नसलेला ताण खचवतो. दोन ग्राहींच्या विज्ञानाशीही हे जुळते. कॉर्टिसॉल चढणे हा आजार नाही; ते वेळेवर उतरत नाही, तेव्हा आजार सुरू होतो. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी माँट्रियलमध्ये, ७५ व्या वर्षी सेल्ये यांचे निधन झाले. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीचा आराखडा आणखी तीन वर्षांनी मिळाला.

तारापूर, बोईसर, कुंभवलीच्या वाचकासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सततच्या ताणामुळे होणारे विसरणे, चिडचिड, झोपमोड यांमागे पेशींमध्ये घडणारे खरे बदल असू शकतात. त्याला नाटक म्हणणे चूक आहे. दुसरी, श्वसनाचे व्यायाम, चालणे, गप्पा यांचा उपयोग आहेच, पण फ्लोट नीट असूनही नळातून पाणी येतच राहिले तर टाकी वाहणारच. पाळीचे वेळापत्रक, झोपेचे तास, घराची सुरक्षितता आणि मुलांना मिळणारी माया हीसुद्धा ताणावरची औषधेच आहेत, आणि त्यांतली बरीचशी एकट्या माणसाच्या हातात नसतात.

त्रास दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.